पाहणीला आलेल्या

बंगळुरूत मल्लेश्वरममधल्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे मी नंबर लावून बसले होते. मागच्या बाकावर दोघी मराठीत बोलायला लागल्या.

"श्यामलाअक्का! तुम्ही इथे?"

"हळू गं, मुग्धा. टास्क फोर्सतर्फे पाहणीला आलेय."

"मीसुद्धा. पाहणीलाच."

"मग हातात टोकन कशाला?"

"तुमच्याही हातात आहे की."

"अय्यो. झोप स्वल्प कमी झालीय गं. म्हणजे दोन महिने लागतच नाही."

"मला मीटिंगमध्ये धडधडतं. परवा 'उपचार घ्यायला लाजू नका' हे पोस्टर फायनल केलं ना, त्यानंतर मी बाथरूममध्ये जाऊन रडले."

"अगं, मग तिथेच सांगायचंस!"

"राज्याच्या मानसिक आरोग्याच्या टास्क फोर्सला? लोक काय म्हणतील?"

"सरी, बरोबर, तेही खरंच. इथे नाव काय दिलंस?"

"आपल्या अध्यक्ष मॅडमचं. अनुसूया. पटकन तेवढंच सुचलं."

"अय्यो देवा, मीपण तेच दिलंय!"

"सात नंबर, श्यामला!" काउंटरवरून हाक आली.

"अक्का, तुम्ही तर अनुसूया दिलंय ना?"

"हो की. मग ही श्यामला कोण?"

कोपऱ्यात काळा चष्मा लावून, तोंडाला स्कार्फ गुंडाळून बसलेल्या एक बाई उठल्या.

"अध्यक्ष मॅडम?"

"बसा, बसा. तिघी आहोत, म्हणजे कोरम झाला. शुक्रवारची मीटिंग इथेच उरकून टाकू. फक्त इतिवृत्तात कुणाचं नाव नको."