बोट आलेले फोटो

हॅलो? हॅलो… युन-जू? हो, ताईच बोलतेय. हां, आता येतोय आवाज. डोंगरावरच आहे गं. कबरींत उभी आहे, आणखी कुठे! नाही ना सापडत! आजोबांची कबर सापडली असती तर तुला कशाला फोन केला असता?

गवत डोक्याच्या वर गेलंय. काका कोयत्याने सपासप कापतायत आणि आतून निघतेय भलत्याचीच कबर. दोनदा झालं. दोनदा हात जोडून माफी मागितली. तू बस तिकडे ताइचुंगला आईजवळ एसीत.

अगं ऐक ना… ऐक! आईचा फोन आहे माझ्या हातात, वाटेचे फोटो शोधायला. तू सांगितलंस तसंच केलं. क्लाउड बंद केला, परत चालू केला. मध्ये त्याने विचारलं, फोनमधले फोटो काढून टाकू का? मी म्हटलं हो. …ओरडू नकोस! तूच म्हणालीस ना, विचारेल त्याला हो म्हण? आता नुसते करडे चौकोन दिसतायत. हजारो. आणि एक गोल फिरतोय गरागरा.

रेंज? एकच दांडी. हात वर केला की दोन. मग फोटो कुणी बघायचे, कावळ्यांनी?

थांबू काय? युन, आज शेवटचा दिवस आहे! संध्याकाळी कबरी हलवायला नगर कार्यालयाची माणसं येणार. जिच्यावर घरच्यांची पाटी नाही ती कबर बेवारस. उकरणार, आणि सगळ्यांची हाडं एका खोलीत. आपले आजोबा बेवारस? आईला काय तोंड दाखवू? दरवर्षी कबर साफ करायला येताना तीच पुढे चालायची. आपण मागनं गप्पा मारत. रस्ता कुणाच्याच लक्षात नाही, काकांच्याही नाही, लाज वाटते मला.

आई काय करतेय? …बोट उचलून एका बाजूला झुकवतेय? तहान लागली असेल. चमच्याने पाणी पाज. वाचाच गेलीय, दुसरं काय करणार ती.

आले, आले! …कमळ. 'सुप्रभात'. आणखी एक कमळ. कमळावर मांजर. अरे देवा, हिच्या मैत्रिणींना दुसरा उद्योग नाही का? काका, हसू नका, हे मांजर तुम्हीच पाठवलंय!

हो, हो… सरकवतेय खाली. हां, मागच्या वर्षीचे. नैवेद्याचं मांसाचं ताट… शेंगदाण्याची पूड अंगावर सांडून पोळी खाणारे काका… आजोबांची कबर, अगदी जवळून, नुसता दगड. आणि वाटेचे कुठेत? प्रत्येक वळणावर थांबून काढत होती ना? आपण 'आई, चल ना पुढे' म्हणून कटकट करत होतो…

काय केलंस?

काढून टाकलेस? सगळे? …फोटोत बोट आलं होतं म्हणून? अगं, येणारच बोट, म्हातारं माणूस आहे! जागा करायची होती तर ती कमळं काढायचीस! …रडू नकोस. रड नंतर. आता बोल. काय? 'हटवलेले'? महिनाभर राहतात तिथे? मग हे आधी बोलायला काय झालं होतं!

दाबलं. 'परत आणा'. फिरतोय मेला गोल… एक आला! पाण्याची टाकी. अर्धा फोटो बोटानेच खाल्लाय. दुसरा. सुपारीची झाडं. यात बोट दुसऱ्याच कोपऱ्यातून. तिसरा…

युन.

अगं, चुकून नाही आलेलं ते. इथे दोन वाटा फुटतायत आणि बोट बरोबर वरच्या वाटेवर टेकवलंय. टाकीच्या फोटोत डावीकडे. सुपारीशी उजवीकडे. दाखवतेय गं ती. प्रत्येक वळणावर आपल्याला दाखवून ठेवलंय.

काका! पाटी घ्या, टाकीकडे चला!

थांब, ठेवू नकोस. आई अजून बोट झुकवतेय? कुठल्या बाजूला? …डावीकडे? सकाळपासून? आणि मी पाणी पाज म्हणतेय! तिच्या कानाशी धर फोन. धरलास?

आई… कळलं गं. टाकीपासून डावीकडे. तू चल पुढे, आम्ही आहोत मागे.

आई? …हॅलो? …गेली रेंज. चला काका, डावीकडे!