अजबखान्यातली वावरदेवी

सत्यवतीला ते बोलणं अजून आठवतं. अमरावतीच्या कॉलेजातल्या जुन्या वस्तूंच्या अजबखान्याच्या रांगेत, तिच्यापुढे भातकुलीचं एक म्हातारं जोडपं उभं होतं. त्यांच्या वावरात नांगराला लागलेली दगडी देवी आत काचेमागे ठेवली होती.

“पहिल्या वेचणीचा कापूस आनला मी तिच्यासाठी.”

“काचेले हात लावू देत नाई तो साहेब, मनकर्णे.”

“मंग काहून देऊन टाकली तिले? वावराच्या धुऱ्यावर होती त रोज बोलत होती मी तिच्यासंग. आता कोन बोलते?”

“मोठमोठे लोक येतात ना पाहाले.”

“पाहून काय होते? एकटी पडली माही माय!”

रांग सरकली.

“एकटी नाई वं ती. तुले सांगतलं नाई, हसशील म्हनून. दर बाजाराले मी येतो इथं. तू काय रांधलं, काहून रुसली, समदं सांगतो तिले.”