बँडला न भिणारी घोडी

माझा जन्म उल्हासनगरचा, कॅम्प चारचा. वडील घाटावरून आले, अंबरनाथला कंपनीत लागले आणि आम्ही सगळी भावंडं एका खोलीत वाढलो. खाली जीन्स शिवायचा कारखाना, दिवसभर मशिनींची घरघर, म्हणून आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे, मी सोडून. आई बोलायची, ही पोरगी मूग गिळूनच जन्माला आली.

लग्न झालं ते घोडीवाल्याशी. म्हणजे आमचे हे वरातीला घोडी द्यायचे, विठ्ठलवाडीला राहायचे. माझे वडील लय हसले होते बघा, बोलले, गावाला आपल्या नवरदेवाला घोड्यावर बसू देत नव्हते, वेशीतनं पायी जायला लागायचं, आणि आता माझ्या जावयाच्या दारातच घोडी बांधलेली. हसता हसता डोळे पुसले त्यांनी.

तर ही राणी. पांढरीशुभ्र, आता म्हातारी झाली, पण तेव्हा तोरा बघायचा तिचा. कानाशी बँड वाजू दे, पायाखाली फटाक्याची लड फुटू दे, नवरदेवाचे मित्र अंगावर येऊन नाचू देत, ही आपली ढिम्म. आणि हे तिच्या डाव्या अंगाला लगाम धरून चालायचे, आणि काय सांगू तुम्हाला, घरून निघाल्यापासून हॉलच्या गेटपर्यंत तोंड बंद नाय. चल गं राणी, जड आहे नवरदेव, पण तू मनावर घेऊ नको, जेवायला श्रीखंड आहे, वास येतोय का बघ. असलं काहीपण. घरी पण तेच, हे बोलायचे आणि मी हुं हुं करायची. मला काय बोलायची गरजच पडली नाय कधी.

मागच्या उन्हाळ्यात हे गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेस्तोवर संपलं. त्यानंतर मी होतं नव्हतं तेवढं बोलणंपण बंद केलं. शेजारणी यायच्या, चहा करायच्या, मी भिंतीकडं बघत बसायची. वराती पण कमी झालेल्या, आता नवरदेव गाडीच्या टपातून डोकं काढून येतात. माझा भाऊ बदलापूरला असतो, कुळगावात, तो बोलला, ताई, बारवीच्या रस्त्याला एका शेठचं फार्महाउस आहे, सुट्टीला लोक येतात, घोड्यावर बसून जंगलात फिरतात, राणीला घेऊन तिकडं चल, तुलापण काम मिळेल.

आले. आणि शेठला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, शेठ, ही बॉम्बला हलत नाय, जंगल म्हणजे काय तिला.

तिथं लगाम धरून बरोबर कुणी चालत नाय, बसणाऱ्यानंच हाकायचं. पहिल्याच फेरीला एका शेतात प्लास्टिकची खुर्ची उलटी पडलेली. साधी पांढरी खुर्ची हो, लग्नात असल्या शेकड्यानं बघितल्या असतील तिनं. अशी बाजूला उडी मारली की वरच्या बाई, अंबरनाथच्या मास्तरीण होत्या, पेंढ्यावर पडल्या म्हणून वाचल्या, मनगट मुरगळलं. दुसऱ्या खेपेला कुंपणावर वाळत घातलेल्या गोणीला बुजली. मग निळ्या ताडपत्रीला. लोक हसायला लागले, ही काय बॉम्बला न भिणारी.

कुणी बोललं, वरातीत डोळ्यांच्या बाजूला झापडं असायची, तिला फक्त समोरचं दिसायचं, आता दोन्हीकडचं दिसतंय म्हणून दचकते. पटलं. लावली झापडं. तर मागून दुसरा घोडा शेजारी आला, तो दिसला नाय, एकदम त्याचं तोंड पुढं, आणखीच बिथरली.

शेठ माणूस वाईट नाय. पण बोलले, मावशी, उद्या कुणाचं डोकं फुटलं तर मी काय तोंड दाखवू, होळीपर्यंत बघतो, नाय सुधारली तर देऊन टाक कुणाला तरी. आता म्हातारी घोडी कोण घेणार हो? वीटभट्टीवाला घेणार, ओझी ओढायला. मला जेवण जाईना. ह्यांच्या हाताखालचं तेवढंच एक जितंजागतं माझ्याकडं उरलेलं.

एका दुपारी मी तिला एकटीच घेऊन गेले त्या शेतात. खुर्ची तिथंच. राणी लांबूनच थरथरायला लागली, नाकपुड्या फुगल्या. आणि काय झालं माहीत नाय, माझ्या तोंडातून ह्यांचं बोलणं आलं. चल गं राणी, जड आहे नवरदेव, श्रीखंड आहे बघ. तिचा कान फिरला माझ्याकडं. मी बोलत राहिले, ती एक पाऊल, अजून एक पाऊल, करत करत खुर्चीपर्यंत गेली आणि नाक लावून हुंगलं. मग मी त्याच खुर्चीवर बसून रडले. हे गेले तेव्हापण एवढी रडले नव्हते.

तेव्हा कळलं बघा. एवढा गोंगाट सोसायची ती त्या एका आवाजाच्या जिवावर. इथं जंगलात सगळं गप्प, जवळ कुणी नाय, आणि काल नव्हती ती गोणी आज फडफडतेय. बुजणार नाय तर काय करणार? माझं तरी काय वेगळं होतं, रात्री फ्रिज वाजला तरी उठून बसायची मी.

होळीच्या आदल्या दिवशी शेठ स्वतःच राणीवर बसले. मी डाव्या अंगाला, बडबडत. ताडपत्री वाऱ्यानं उडाली, पुढचा घोडा चार हात पळाला, राणी थांबली, अंग शहारलं तिचं, आणि मग माझ्याबरोबर सरळ चालत गेली. शेठ उतरले, बोलले, मावशी, घोडी राहू दे, पण बरोबर तू चालायचं.

म्हणून चालते. अजून बुजते ती, नाय असं नाय, काल एका छत्रीला बुजली. माझे गुडघे दुखतात. फिरायला आलेली माणसं आधी बोलतात, ही बाई किती बोलते, मग ऐकत बसतात. तिचं म्हातारपण सुखात जाऊ दे, एवढंच मागणं आहे, माझं तिच्या मागं निघेल.

कधी चढावर दम लागून मी गप्प झाले ना, की राणी जागच्या जागी थांबते आणि मान वळवून माझ्याकडं बघत राहते. मग काय करणार, बोलावंच लागतं.