दोरीवरचा सदरा

(१९९८. बिरवाडीतली भाड्याची खोली. पहिली पाळी संपवून रायबा घरी आला आहे. दाराशी त्याची बायको आवडी, शेजारी तिचे नि मुलगी अंकिताचे कपडे भरलेली पिशवी.)

आवडी: पाचच्या एसटीनं मी नि अंकिता कापड्याला जातोय, आईकडं. अडवू नका.

रायबा: अडवत नाय. सदऱ्याचं तेवढं ऐकून घे.

आवडी: काय ऐकू? पिलास्टिकमधी गाठ मारून डब्याखाली दडपून आणलात. गाठ सोडली नि वास भसकन नाकात. तुमची दारू सुटून चार वर्षं झाली, पण नाक इसरलं नाय.

रायबा: दारू नाय गो ती. कंपनीतलं स्पिरिट हाय. बाहीवर सांडलं.

आवडी: तुमी तर पावडर भरता.

रायबा: आठ दिवस झाले खातं बदलून. आता स्पिरिटच्या टाकीवर असतो.

आवडी: आठ दिवस. म्हंजे बडीशेप खायला लागलात त्या दिवसापासनं. कंपनीतच आंघोळ करून यायला लागलात तेव्हापासनं. प्यायचात तेव्हा वेलदोडा होता, आता बडीशेप.

रायबा: वाफेचा वास कपड्यांना, तोंडाला लागतो. तू घाबरशील म्हणून लपवलं.

आवडी: न सांगताच घाबरले. आठ दिवस पहाटे, तुमी उठायच्या आधी, तोंडाशी वाकून वास घेतेय.

रायबा: ठावं हाय. जागाच असतो मी.

आवडी: जागे असता नि गप पडून राहता?

रायबा: काय बोलू? आत्ता घे वास. जवळ ये.

आवडी: बडीशेप खाल्लीत. त्यात काय कळणार?

रायबा: मग सदरा दोरीवर टाक. आमच्या लॅबच्या निशिगंधा मॅडम सांगतात, कापडावरचं स्पिरिट वाऱ्यावर उडून जातं. पोटात गेलं तर तासन्‌तास श्वासातनं येत राहतं, बडीशेपीला दाद देत नाय. एसटीला अर्धा तास हाय. मी चूळ भरून तुझ्यासमोर बसतो.

आवडी: बसा. उंबऱ्याच्या आत बसा... टाकला दोरीवर. आता सांगा, सांडलं कसं?

रायबा: नमुन्याची बाटली भरताना.

आवडी: कोपरापर्यंत? शपथ तुमच्या किरिस्तावांत चालत नाय, म्हणून घालत नाय. पण खरं सांगा.

रायबा: बाटली भरून झाली होती. वर अजून काचेचा पेला भरून काढलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यात विष घातलेलं असतं आवडे, पिणाऱ्याचे डोळे जातात. नव्या माणसांना मीच सांगतो. तरी पेला इथवर आला. हनुवटीपर्यंत.

आवडी: मग?

रायबा: प्रभूचं नाव घेतलं. मग बघतो तर सगळं बाहीवर. मी ओतलं का आपसूक सांडलं, सांगता येत नाय.

आवडी: नि प्रार्थनेच्या मंडळींपुढं उभं राहून सांगितलंत, बाप्तिस्मा झाला त्याच दिवशी तहान गेली म्हणून.

रायबा: गेली नाय. त्या दिवशी दोन तास गेली होती. पण साक्ष ऐकून माणसं रडली, मला मागं फिरता येईना. रोज गेटावर हजेरी लावायच्या आधी मागतो, आठ तास सांभाळ. सुटल्यावर परत मागतो, घरापर्यंत सांभाळ. चार वर्षं अशीच काढली.

आवडी: नि मी समजले, सुटलं. निवांत झोपत होते.

रायबा: तुला झोपलेली बघून बरं वाटायचं.

आवडी: तुमच्या देवाला सगळं सांगता, मला नाय.

रायबा: तो पिशवी भरत नाय.

आवडी: अंकिता तीन वर्षांची होती. भाताचं पातेलं तुमी लाथाडलंत. तिच्या पायावर डाग हाय अजून. परत ते बघायची ताकद नाय माझ्यात.

रायबा: माझ्यातपण नाय. म्हणून म्हणतो, जायचं तर जा. मला उद्याची भीती वाटते. टाकी तिथंच असणार.

आवडी: मॅडमांना सांगा. खातं बदलून मागा.

रायबा: का म्हणून इचारतील. मग कंपनीभर होईल, किरिस्ताव झाला तरी बेवडा तो बेवडाच.

आवडी: कापड्यात काय कमी बोलतात? सकाळी मी येते गेटापर्यंत. तुमची जीभ वळली नाय तर मी बोलेन.

रायबा: नि रविवारी? मंडळींपुढं?

आवडी: तिथंबी खरंच सांगा. मी तुमच्या देवाची नाय, पण मागं चटईवर बसेन.

रायबा: नि त्यानंतर परत हात गेला तर?

आवडी: ते मला ठावं नाय. जेवायच्या आधी तुमी म्हणता, आजची भाकर आज दे. उद्याची मागताना तुम्हाला कधी ऐकलं नाय.

रायबा: आवडे, हॉर्न वाजला. एसटी लागली.

आवडी: ऐकला. सदरा आणा दोरीवरचा.

रायबा: घे.

आवडी: ...नाय. गेला वास. आता तोंड. अजून जवळ या.

रायबा: येतोय?

आवडी: उपाशी माणसाचा येतोय. डबा तसाच परत आणलात?

रायबा: घास उतरला नाय.

आवडी: हात धुवा, वाढते. नि त्या पिशवीतनं अंकिताचा गणवेश काढा. उद्या शाळा हाय.