टप उतरवून ठेव

फौजदार : सकाळी सव्वासातला दार बंद झालं. आत दोघं. तुमचा नवरा आणि तुमचा भाऊ. इथपर्यंत कळलं. पुढे सांगा.

बाई : पुढे काय सांगू? धप्प आवाज आला म्हणून मी वरून खाली आले, तर बाळ्या जमिनीवर. तोंड फुटलेलं. हे त्याच्या छातीवर गुडघा टेकून बसले होते. मला म्हणाले, वर जा, दूध उतू जाईल. मी हलले नाही, तेव्हा उठले आणि दार लावून घेतलं.

फौजदार : दूध उतू जाईल म्हणाले.

बाई : गॅसवर होतं. गेलंच ते.

फौजदार : बाळ्या म्हणजे हा भाऊ.

बाई : धाकटा. एवढा घोडा झालाय, पण आमच्यात बाळ्याच.

फौजदार : आत हत्यारं काय काय आहेत?

बाई : हत्यारं कसली, अवजारं आहेत. पाती बदलायच्या सुऱ्या, बारीक करवती, कानशी, हातातलं ड्रिल. टेबलाला एक व्हाइस बसवलाय, वस्तू आवळून धरायला. छोट्या गाड्या करतात ना ते.

फौजदार : खेळण्यातल्या?

बाई : त्यांच्यासमोर खेळणं म्हणू नका. किट येतं, जुन्या मोटारीचे सुटे भाग, प्लास्टिकचे. हे लोक ते आहे तसं जोडत नाहीत. कापतात, जमिनीलगत खाली बसवतात, दुप्पट इंजिन घालतात. खऱ्या गाड्या अशा करून पळवणारे लोक असतात, त्यांची ही नक्कल. हॉट रॉड म्हणतात. तळहातावर मावते, पण इंजिनाच्या वायरीसुद्धा वेगवेगळ्या रंगाच्या.

फौजदार : माझ्या पोराला वाढदिवसाला असलंच काहीतरी द्यायचं चाललं होतं. आता पतंग देतो. म्हणजे हे सगळं गाडीवरून?

बाई : गाडीच्या टपावरून.

नवरा : साहेब, तिथे कुजबुजू नका. दार लोखंडी आहे, पण खाली फट आहे. मला सगळं ऐकू येतंय.

फौजदार : फौजदार बोलतोय. तो शुद्धीवर आहे का रे?

नवरा : अहो-जाहो करा. माझ्या घरात उभे आहात.

फौजदार : बरं. शुद्धीवर आहे का हो तो?

नवरा : आहे. बेशुद्ध माणसाला प्रश्न विचारून काय उपयोग? हात व्हाइसमध्ये आहे. उजवा. करवत धरली तो.

फौजदार : हात सोडा. दार उघडा. मग गाडीचं निवांत बोलू.

नवरा : दाराला कुणी धक्का दिला, तर सुरी त्याच्या गळ्यालाच आहे. नवीन पातं घातलंय. तुमची माणसं आत पोचायच्या आत माझं काम होईल. हे धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतोय.

फौजदार : कुणी धक्का देत नाही. हाताचं काय?

नवरा : दोन आटे पिळलेत. पहिल्याला करंगळी गेली. दुसऱ्याला शेजारचं. आवाज आला असेल तुम्हाला.

बाई : आला.

नवरा : तू अजून तिथेच आहेस?

बाई : अहो, त्याला पाणी तरी द्या.

नवरा : दिलं. गिळता येत नाही त्याला. जबडा हललाय.

फौजदार : बाई, तुम्ही मागे व्हा. अहो मालक, माणूस मारायला काहीतरी कारण लागतं. मला ते कळू द्या.

नवरा : तिला विचारू नका, ती गोंधळ घालते. मी सांगतो. त्या गाडीचा टप आधीच खाली आणलेला होता. टपाचे खांब कापले यानंच, ते मान्य. कापण्यात याचा हात धरणारा कुणी नाही. पण परत जोडले मी, पुट्टी भरली मी, घासले मी. भिंगातून बघा, जोड सापडणार नाही. नुसता टेकवून ठेवला होता, कारण आत रंग द्यायचा होता. आत ड्रायव्हर बसवलेला. चेहरा माझा. सुईनं कोरलेला. आज नाइट करून घरी येतो, दिवा लावतो, तर टप आणखी कापलेला. इतका, की आत माणूस मावेना. मग यानं काय केलं असेल?

फौजदार : काय केलं?

नवरा : ड्रायव्हरची मान कापली. डोकं काडेपेटीत ठेवलं. खाली कापूस घालून. आणि पेटी टेबलावर, मला दिसेल अशी.

फौजदार : केवढं असेल हे डोकं?

नवरा : हरभऱ्याएवढं. हसलात तरी चालेल.

फौजदार : हसलो नाही.

नवरा : मी ते बघत उभा, आणि हा, एरवी संध्याकाळी येणारा, सकाळीच दारातून आत येतो. चेहरा फुललेला. वर्षभरानं माझ्याशी तोंड उघडलं, आणि काय म्हणाला असेल? म्हणाला, दाजी, बघितलात का, टप कसला झकास बसला. मी व्हाइसची मूठ काढून तोंडावर मारली. मग परत लावली. ती लागणार होती.

फौजदार : वर्षभरानं म्हणजे? बाई, इकडे या. इकडे, जिन्यापाशी. हळू बोला. हे दोघं बोलत नव्हते?

बाई : नाही. टेबल एक, गाडी एक, बोलणं माझ्यातून. हे दिवसा घरी, तो संध्याकाळी येणार. किल्ली आहे त्याच्याकडे. याला हे सांग, त्याला ते सांग. मी आपली पोस्टमन.

फौजदार : कशावरून बिनसलं?

बाई : गेल्या वर्षी एक किट वेळेवर आलं नाही. टेबल रिकामं. बाळ्या त्या दिवशी इथेच होता. त्यानं यांचा हात धरला, वरच्यावर.

फौजदार : हात तुमच्यावर उचलला होता.

बाई : गाडी टेबलावर असली की नाही उचलत.

फौजदार : आणि नसली की?

बाई : एक संपत आली की मी दुसरं किट आणून ठेवते. मध्ये दिवस जाऊ देत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये बायकांना वाटतं, मी किती हौस पुरवते नवऱ्याची.

फौजदार : तक्रार कधी केली नाहीत?

बाई : तुम्ही आला असतात, समज दिली असतीत, आणि गेला असतात. मी इथेच राहते.

नवरा : साहेब, एक साधी गोष्ट मला कळत नाहीये, तुम्हाला कळते का बघा. याला मी विचारलं, कुणी सांगितलं तुला टप कापायला? म्हणतो, कुणी नाही, माझं मीच. का? मनात आलं. पहिल्या आट्याला तेच उत्तर, दुसऱ्याला तेच. इतक्या वर्षांत यानं स्वतःच्या मनानं एक खिळा ठोकला नाही. आणि माझं डोकं कापायचं तेवढं मनात आलं?

फौजदार : घाई करू नका. त्याला श्वास घेऊ द्या, मग सांगेल.

नवरा : तिसऱ्याला सांगेल. मधलं बोट जाड असतं.

बाई : थांबा हो. थोडं थांबा. मी फौजदारांशी एक बोलते आणि मग तुम्हाला सांगते. तोवर मूठ हलवू नका.

नवरा : काय सांगणार?

बाई : कुणी सांगितलं ते.

नवरा : थांबलो.

फौजदार : बाई, काय आहे? इथेच, जिन्यापाशी, हळू बोला. माझ्याकडे बघा. काय आहे?

बाई : काल संध्याकाळी यांचा कामावरून फोन आला. म्हणाले, त्याला सांग, टप काढून ठेव. काढून. नुसता टेकवलाय, तो उचलून बाजूला ठेवायचा, बाकी काही नाही. मी गॅसपाशी होते. बाळ्या आला, त्याला मी सांगितलं, दाजी म्हणतायत, टप उतरवून ठेव.

फौजदार : तेच की.

बाई : मलाही तेच वाटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, म्हणाला, ताई, परत? आधीच उतरवलाय की. मी म्हटलं, मला काय विचारतोस, म्हणाले ते सांगितलं. मग आत गेला. बराच वेळ करवतीचा आवाज येत होता. मी भाजी निवडत बसले होते.

फौजदार : उतरवणं म्हणजे यांच्यात काय?

बाई : खांब कापून टप खाली आणणं. त्याला हे लोक टप उतरवला म्हणतात. सोळा वर्षं हे शब्द या घरात चाललेत. मी कधी कान दिला नाही. आज, हे आतून बोलत होते ना, तेव्हा लक्षात आलं.

फौजदार : आणि भावाला माहीत आहे, निरोप तुम्ही दिलात.

बाई : दोन बोटं गेली त्याची. माझं नाव घेतलं नाही.

फौजदार : ऐका. हे त्याला सांगायचं नाही. दार फोडणारी माणसं निघाली आहेत. मी त्याला बोलण्यात गुंतवतो. हे सांगितलंत, तर त्याचा राग तुमच्याकडे वळेल.

बाई : वळू दे. माझ्यावर वळायची सवय आहे त्याला. बाळ्याला सवय नाही.

फौजदार : बाई.

बाई : तुमची माणसं येईपर्यंत मधलं बोट, मग त्याच्या शेजारचं, मग अंगठा. त्या हातावर पोट आहे त्याचं. दागिन्यांच्या दुकानात खडे बसवतो तो.

नवरा : झालं का तुमचं?

बाई : झालं. मी सांगितलं त्याला.

नवरा : काय सांगितलंस?

बाई : टप कापायला. मीच सांगितलं.

नवरा : नेमकं काय म्हणालीस? जसंच्या तसं.

बाई : टप उतरवून ठेव.

नवरा : मी तुला काय सांगितलं होतं?

बाई : काढून ठेव.

नवरा : मग?

बाई : मला दोन्ही एकच. मी गॅसवरून भांडं उतरवते, दोरीवरचे कपडे उतरवते. उतरवलं म्हणजे काढलं. तुमच्यात त्याचा अर्थ कापणं होतो, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नवरा : सोळा वर्षं त्या टेबलावर चहा आणून ठेवतेस.

बाई : ठेवते. मान खाली घालून. वर बघितलं तर काय म्हणाल, याचा भरवसा नसतो.

नवरा : आणि ते डोकं?

बाई : ते त्यानं जपूनच ठेवलं होतं. मला जाताना म्हणाला, दाजींना सांग, मान जरा वाकवून परत बसवू, पुढे झुकून चालवतोय असं दिसेल, आणखी छान. मी सांगायची विसरले. सकाळी तुम्ही थेट खालीच आलात.

नवरा : काय रे, खरं का हे? मान हलव. नुसती हलव. साहेब, नाही म्हणतोय. बघा, अजून नाही म्हणतोय. कमाल आहे तुमच्या घराण्याची.

फौजदार : मालक, आता कळलं ना सगळं? चूक कुणाचीच नाही. शब्दाचा घोळ झाला. हात सोडा.

नवरा : चूक कुणाची नाही, असं नसतं साहेब. मी कारखान्यात माप बघतो. जरा फरक निघाला की कुणाचा तरी निघतो. हिचा निघाला. हा बाहेर येईल. हिला आत पाठवा.

फौजदार : आत कुणी येणार नाही.

नवरा : मग हा इथेच राहील. पण आता मला याला काही विचारायचं उरलेलं नाही, हे लक्षात घ्या. तोंड उघडं ठेवायचं कारण संपलं त्याचं.

बाई : मी येते.

फौजदार : बाई, तुम्ही एक पाऊल पुढे टाकलंत, तर मी तुम्हाला उचलून वर नेऊन ठेवीन.

बाई : आधी व्हाइस सोड.

नवरा : काय म्हणालीस?

बाई : सोड म्हणाले.

नवरा : मला?

बाई : तुलाच. शब्द नीट ऐक, या वेळी मी चुकलेले नाही. व्हाइस सोड, सुरी टेबलावर ठेव आणि त्याला उभा कर. तो स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला, तर मी येईन. खेचत आणलास तर नाही.

नवरा : साहेब, ऐकताय ना? सोळा वर्षांत पहिल्यांदा अरे-तुरे करतेय.

फौजदार : ऐकतोय. व्हाइसचं काय ते बघा.

नवरा : सोडतोय. ओरडेल तो. पिळताना दुखतं त्यापेक्षा सोडताना जास्त दुखतं.

बाई : बाळ्या, मी इथे आहे. ओरड. खुशाल ओरड.

फौजदार : जिन्यावरचे दोघं हवालदार, खाली या. स्ट्रेचर मागे तयार ठेवा. दार उघडलं की मी जखमीला धरतो, तुम्ही दारात पाय घाला. बाई, तुम्ही भिंतीला टेकून उभ्या राहा. मी काय सांगतोय, कळलं का?

बाई : कळलं.

(दार अर्धं उघडतं. भाऊ बाहेर येतो आणि फौजदाराच्या अंगावर कोसळतो.)

फौजदार : धरला, धरला. हात वर ठेवा त्याचा. काय म्हणतोय हा? मला कळत नाही, तोंडात रक्त आहे. बाई, काय म्हणतोय?

बाई : ताई जाऊ नको, म्हणतोय.

फौजदार : मग ऐका त्याचं. बाई. अहो बाई. दारात पाय घाला म्हटलं होतं ना रे. बाई.

फौजदार : (वायरलेसवर) कंट्रोल, लिहून घ्या. जखमी बाहेर आला. उजवा हात आणि जबडा. श्वास चालू आहे. दवाखान्यात नेतायत. नाही, बोलण्याच्या स्थितीत नाही. हल्लेखोर आत. बाई पण आत. नाही, मी त्यांना सोडलं नाही. माझ्या अंगावर जखमी होता, त्या बाजूनं गेल्या. सुरी कुठे आहे, माहीत नाही. हाका मारल्या, उत्तर नाही, दोघांचंही. दार फोडणारे अजून पोचायचेत. हो, बंद आहे. आतून. कडीचा आवाज मी ऐकला. कुणी लावली, ते दिसलं नाही.