गिअरबॉक्स उतरवा म्हणालं कोण?

—नाही, नाही, आधी मला सांगा, गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं म्हणालं कोण? उभा करा त्याला माझ्यासमोर! अहो मॅडम, तुमच्या सासऱ्यांची गाडी ही, पन्नास वर्षांची, त्यात ऑटोमॅटिक — हिचा गिअरबॉक्स एकदा खोलला की परत तसाच बसवणारी माणसं या गावात दोन. एक मी, आणि दुसरा — जाऊ द्या. ही तेलाची पट्टी बघा. इंजिन गरम आणि चालू असतानाच बघायची असते. तेल कसं आहे? लालभडक. वास घ्या — घ्या हो, चावत नाही. जळका येतो? नाही ना? म्हणजे आतलं सगळं धडधाकट आहे. आणि हे निघाले उतरवायला!

तुमची तक्रार काय, तर पहिल्यातून दुसऱ्यात जायला गाडी वेळ लावते, इंजिन बोंबलत राहतं, आणि मग धाडकन धक्का. बरोबर? या इकडे, बॉनेटजवळ. बाही सांभाळा. काही ऐकू येतंय? सूंऽऽ असं, फुसफुसल्यासारखं? ही बघा, रबराची नळी. इंजिन हिच्यातून हवा ओढतं, आणि त्या ओढीवरून गिअरबॉक्सला कळतं की तुम्ही पाय किती दाबलाय. नळी चिरली, ओढ गेली — की त्याला वाटतं, बाईसाहेब सुसाट निघाल्यात, आणि तो गिअर धरून बसतो. संपलं! वीतभर नळी! शेंबडं पोर सांगेल — फक्त कान पाहिजेत!

आणि त्या शहाण्यानं काय केलं? खाली शिरून बघितलं मी. बाजूचा स्क्रू आवळून ठेवलाय, निष्कारण, आणि वर पांढऱ्या रंगाचा ठिपका. हात लावलेल्या प्रत्येक स्क्रूवर ठिपका देणारा माणूस एकच. पुलापलीकडचा ना? उंच, टकल्या, चष्मा दोरीला बांधलेला? माझा भाऊ आहे तो. थोरला. दचकू नका. चौदा वर्षं बोलत नाही आम्ही. हे सगळं त्यानंच शिकवलं मला — रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं इंजिनभर फिरवायचं. रस्त्यावरून गाडी गेली की आतूनच सांगायचा, हिची अमुक झडप गेलीय. आणि मला, गिऱ्हाइकांदेखत — सहा माणसं उभी होती — "तुला नुसते हात आहेत, कान नाहीत." पाना फेकला आणि निघालो. का नाही निघायचं? आणि आता त्याच माणसाला एवढी फुसफुस —

थांबा. त्यानं गाडी बघितली कशी? नळी लावली कानाला? नुसता हात ठेवला? इंजिनावर, तळहात पसरून? आणि तुम्ही सांगत होतात तेव्हा? तुमच्या तोंडाकडे टक लावून बघत होता... त्याची सूनबाई शेजारी उभी? आणि तुमचं बोलणं ती त्याला परत सांगत होती — मोठ्यानं?

गेल्या वर्षी बहीण गेली आमची. तिथे आला होता. निघाला, तेव्हा मी मागून हाक मारली. दादा. सगळ्या नातेवाइकांसमोर, चौदा वर्षांत पहिल्यांदा. परत मारली. वळला नाही. सरळ चालत गेला फाटकाबाहेर. वर्षभर शिव्या घालतोय मी त्याला, मॅडम, जेवताना घालतो, बायको ताट घेऊन आत जाते. मेला तरी तोंड बघणार नाही म्हणालो — तिच्या बाराव्याला म्हणालो!

मग सांगायचं नाही का कुणाला? हा माणूस असाच! मरेल, पण काही कमी पडतंय असं कबूल करणार नाही! त्यापेक्षा लोकांच्या गाड्या उतरवेल! आणि ती सून — ती फोन करू शकत नव्हती? नंबर बाहेर पाटीवर लिहिलाय, हाताएवढ्या आकड्यांत! नाही, तिला कशाला बोलतो मी. मी कधी गेलो पुलापलीकडे? टायर आणायलासुद्धा लांबून जातो.

नळी बदलली. स्क्रू सैल करून होता तिथे आणलाय. चालवा, मऊ पडेल गिअर. काही त्रास झाला तर इथेच या. आणि त्याच्याकडे जाऊन 'नुसती नळी होती' म्हणून सांगत बसू नका, कळलं? एक अक्षर नाही. मी बघतो काय सांगायचं ते.

आता निघा. शटर ओढायचंय. हो, आत्ताच — सकाळचे अकरा वाजलेत ते दिसतंय मला, गिऱ्हाइकं येतील आणि जातील. नको, सोडू नका पुलापर्यंत, चालत जाईन. मला काही झालेलं नाही, तेल गेलंय डोळ्यात. काढा गाडी, मॅडम. शटरखालीच उभी आहे तुमची.