बिटाचं पाणी आणि बुंध्याचा खांदा

आणि वर मलाच म्हणतात, 'काका, चूक तुमची!' आता तुम्हीच सांगा, तोंड धुणं ही चूक कधीपासून झाली? तक्रार नाय हां माझी. पण बसलाच आहात तर सांगतो.

आमच्या जिते गावात होळीची सावर, म्हणजे होळीत उभं करायचं झाड, रानातून खांद्यावर आणतात. ट्रॅक्टरचं नाव काढायचं नाय! आणि बुंध्याला, म्हणजे झाडाच्या जाड टोकाला, डावा खांदा आमच्या घरचा. आजा होता, बा होता, बा गेल्यापासून मी. तिकडं रोह्याला कंपनीत मला नावानं कोण ओळखत नाय, पण शिमग्याला अख्खा गाव म्हणतो, 'जनूला बोलवा रे, त्याच्याशिवाय बुंधा उठत नाय!' आणि दोन वर्षांमागं देवळाच्या चढावर पायात गोळे, छाती वरखाली... कसाबसा पोचलो. पोरं कुजबुजली, 'पुढच्या वर्षी काकाला शेंड्याला टाका.' शेंड्याला! तिथं म्हातारे नि शेंबडी पोरं असतात हो!

त्यात उजव्या खांद्याला गावातला अमोल. खोडाच्या दोन बाजूंना आमची तोंडं एवढी जवळ. तर म्हणतो, 'काका, तोंड तिकडं करा, सुकटीचा वास येतो.' अरे, खाडीकाठचा माणूस सुकट नाय खाणार तर काय गुलकंद खाणार?

मग आला माझा पुतण्या नितेश. पेणला जिम चालवतो. 'काका, बिटाची पावडर घ्या. त्यात नायट्रेट असतं. नसा रुंद होतात, चढ चढताना रगत पायांपर्यंत पोचतं, दम कमी लागतो. दोन-तीन तासांत!' मी म्हटलं, 'बाबा, आपला हायवे रुंद होतोय होतोय म्हणता माझे केस पिकले, नि नसा दोन तासांत?' पण घेतली. चव म्हणाल तर शेताचा बांध चाटल्यासारखी! आणि दुसऱ्या दिवशी मोरीत बघतो तर... लाल! मी ओरडलो, 'नमिता, संपलो गो मी!' बायको आतनं शांतपणे, 'संपायच्या आधी दूध आणा. बीट हाय ते.' तक्रार नाय हां माझी.

पण एक काम मी न चुकता केलं. पावडरीचं पाणी प्यालो की मेडिकलातल्या त्या निळ्या औषधानं खळखळून चुळा! जंतू मारणारं, हां! अमोलला बोलायला जागाच नको.

गेला शिमगा आला. बुंधा उचलला, चढ लागला. वाटलं, आता नसा उघडतील, मग उघडतील... अर्ध्या चढावर गुडघेच गेले. मी थांबलो तसं झाड थांबलं, ढोल थांबले. मागं चालणाऱ्या साहिलनं गपचूप खांदा दिला, मी बाजूला झालो. डोळ्यांत पाणी आलं हो, खोटं कशाला बोलू?

नितेशला धरला. 'तुझी पावडर खोटी!' तो म्हणतो, 'घेतल्यावर काय करायचात?' 'चुळा भरायचो, निळ्या औषधाच्या.' त्यानं कपाळावर हात मारला. 'काका! जिभेवरचे जंतूच त्या नायट्रेटला कामाला लावतात, नि तुम्ही रोज त्यांनाच मारलंत!' तेवढ्यात नमिता, 'नि मी लाल माठाची भाजी करते, त्यात पण असतं ना रे ते? हे ताटाच्या कडेला सारतात.' 'व्हय काकी, भरपूर!' झालं! चूक कोणाची? माझी! तक्रार नाय हां.

मग वर्षभर माठ खाल्ला, रोज चढावर चाललो, निळं औषध बंद. नि खरं सांगतो, दम परत आला! यंदा पोरंच म्हणाली, 'काका, या बुंध्याला.' ताठ मानेनं गेलो, खांदा लावला. अमोलनं एकदाच श्वास घेतला नि नाक दाबलं... 'काका, तुम्ही शेंड्यालाच बरे.'

गेलो. बुंध्याची पोरं चढावर धापा टाकत होती, आणि अख्ख्या गावात दम न लागलेला मी एकटा... शेंड्याला, मनगटाएवढी फांदी धरून. तक्रार नाय हां माझी.